अर्ध्या सुपारीएवढं

सकाळी ६.३०

खोपोली लोकलचं वेळापत्रक ज्याला पाठ नाही त्याने कर्जतला नोकरी धरू नये. गाडी गेली की गेली. लौजी, डोळवली, केळवली, पळसदरी. तेवढ्यात मी मोबाईलवर आजची यादी वाचून घेते. डॉक्टर मॅडम आदल्या रात्रीच पाठवतात. लीप, म्हणजे विजेच्या लूपने पिशवीच्या तोंडाचा तुकडा काढणं, एक, बाकी तपासण्या, आणि खाली एक ओळ: कशेळेकडून आशाताई एका बाईला आणतील, व्हीआयए (ॲसिड लावून करायची तपासणी) पॉझिटिव्ह, आजच निकाली लावायचंय.

लीपवाली आमच्या खोपोलीचीच. सासूबरोबर पुढच्या डब्यात चढताना दिसली. मी तिकडे गेले नाही. सिस्टरने गाडीत एखादीला ओळख दिली की डबाभर बायका विचारायला लागतात, काय गं, हिला काय झालंय? बायकांच्या डॉक्टरकडे नोकरी करणाऱ्या नर्सने रस्त्यात थोडं आंधळंच असावं लागतं.

सकाळी ७.३०

नर्सिंग होम लहान आहे. खाली ओपीडी, वर चार खाटा आणि एक थिएटर. पहिलं काम ऑटोक्लेव्हचं. काल धुऊन ठेवलेली हत्यारं आज वाफेतून निघाल्याशिवाय कुणाच्या अंगाला लागत नाहीत.

दुसरं काम ॲसिटिक ॲसिडचं. ९५ मिली पाण्यात ५ मिली ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड, की झालं पाच टक्क्यांचं. आधी पाणी, मग ॲसिड. मूळ ॲसिड तीव्र असतं, थेट कातडीवर पडलं तर भाजतं. पाच टक्क्यांवर आणलं की घरातल्या व्हिनेगरच्याच जातीचं. ते रोज ताजं करायचं. कालची बाटली आज वापरली तर बिघडलेल्या पेशींवर पांढरं उठायचं ते धड उठत नाही, आणि आपण बाईला ‘काही नाही, जा घरी’ म्हणून मोकळे होतो. त्यामुळे या बाटलीला मी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. नव्या मुलीला हा माझा हेकटपणा वाटतो. वाटो.

त्यानंतर लीपची ट्रॉली. विजेवर चालणारी तारेची लूप, गोल टोकाचा इलेक्ट्रोड, झायलोकेन-ॲड्रिनॅलिन, लांब सुई, मॉन्सेलची पेस्ट, फॉर्मालिनची बाटली. स्पेक्युलम, ज्याला बाया चिमटा म्हणतात, तो लीपला साधा चालत नाही. त्याच्यावर विजेला अडवणारा थर असावा लागतो, नाहीतर लूपचा स्पर्श झाला तर योनीची भिंत भाजते. धूर ओढायची नळीही त्यालाच जोडलेली असते.

सकाळी ९.००

खोपोलीची सून अडतीस वर्षांची. लघवीच्या तक्रारीसाठी आली होती, मॅडमनी सोबत पिशवीच्या तोंडावरच्या पेशींचं पॅपही घेतलं. त्यात खोट निघाली, मग कोल्पोस्कोपी, मग बायोप्सी, आणि रिपोर्ट आला सीआयएन थ्री. कॅन्सर नव्हे, पण पिशवीच्या तोंडावरच्या पेशी पूर्ण जाडीत बिघडलेल्या.

बोलली सासूच.

‘‘मॅडम, तिला तीन पोरं झाली. आता पिशवीचं काय काम? एकदाची काढूनच टाका. मोठ्या सुनेची काढली, सुटली ती.’’

हे आमच्याकडे रोजचं आहे. बारीकसं काम सांगितलं की बायांचा विश्वास बसत नाही आणि मोठं ऑपरेशन सांगितलं की हायसं वाटतं. पिशवी काढली म्हणजे पाळी गेली, पांढरं गेलं, कटकट गेली, असा हिशोब. त्याचा शेवट कुठे होतो ते बीडने दाखवलंय. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या तरुणपणीच काढल्या जातात हे २०१९ साली गाजलं, सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि जिल्ह्यातल्या पाहणीत ८२ हजारांवर बायकांपैकी तेरा हजारांहून जास्त जणींची पिशवी गेलेली निघाली. पाळीचे चार दिवस मजुरी बुडू नये हे त्यातलं एक कारण. दुसरं कारण भीती. ‘पिशवी सडलीय, कॅन्सर होईल’ एवढं एक वाक्य डॉक्टरने टाकलं की पुरतं.

मॅडमनी खुर्ची पुढे ओढली.

‘‘मावशी, पिशवीला काही झालेलं नाही. पिशवीच्या तोंडाला थोडं झालंय, तेही अजून वरवर. मला अर्ध्या सुपारीएवढा तुकडा काढायचाय. त्यासाठी अख्खी पिशवी कशाला? आणि तुकडा न तपासता पिशवी काढली, आत खरंच कॅन्सर निघाला, तर ते ऑपरेशन चुकलं म्हणायचं. कॅन्सरचं ऑपरेशन वेगळं असतं, मोठं असतं. वर पुन्हा, पिशवी काढली तरी दरवर्षी तपासायला यावंच लागेल.’’

‘‘पण तिला दुखत नाय, खुपत नाय. मग हात तरी कशाला लावायचा?’’

सासूबाई हुशार. हा प्रश्न मोठमोठ्या डॉक्टरांनाही पडला होता. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलात १९६० च्या दशकात एका प्राध्यापकाचं मत होतं की या पेशी बहुतेक काही करत नाहीत, नुसतं बघत राहावं. त्या बायकांना न विचारताच असं बघत राहणं चाललं. १९८७-८८ मध्ये त्याची न्यायालयीन चौकशी झाली. पुढे त्या नोंदी लावून पाहिल्या, तर धड उपचार न झालेल्यांपैकी सुमारे ३० टक्के बायकांना तीस वर्षांत कॅन्सर झाला होता. मॅडमनी सासूबाईंना ऑकलंड सांगितलं नाही. ‘‘दहातल्या तिघींना होतो, आपली त्यात नसेल असं मी लिहून देऊ शकत नाही,’’ एवढंच म्हणाल्या.

सूनबाई तोवर गप्प. मग हळूच म्हणाली, ‘‘तुकडाच काढा.’’

फॉर्म मी तिच्यापुढे ठेवला. ‘मालकांची सही?’ तिने विचारलं. लागत नाही. जिचं शरीर तिची सही. कायद्याने नवऱ्याच्या सहीची गरज नाही, तरी अनेक ठिकाणी मागतात आणि त्यापायी तारखा पुढे जातात.

सकाळी १०.३०

कापण्याला लागतो त्याहून जास्त वेळ दागिन्यांना लागतो. विजेचं यंत्र आहे, अंगावर धातू नको. बांगड्या निघाल्या. जोडवी बोटात रुतलेली, साबण लावून काढली. मंगळसूत्रापाशी गाडी अडली. ‘‘मालक गावाला नाहीत, कसं काढू?’’ अशा वेळी वाद घालायचा नाही. सासूबाईंना आत बोलावलं, त्यांनी स्वतःच्या हाताने काढून स्वतःच्या गळ्यात घातलं. प्रश्न मिटला.

उजव्या मांडीला पॅड चिकटवलं, त्यातून वीज परत यंत्रात जाते. पॅड सगळीकडून नीट बसलं पाहिजे, कोपरा सुटला तर तिथे चटका. पाय वर घेतले, चादर टाकली. थिएटरचं दार आतून लावून घेणं माझं काम, आणि ते बाईला दिसेल असं लावायचं.

मॅडमनी कोल्पोस्कोप जवळ आणला. १९२५ मध्ये हान्स हिन्सेलमान नावाच्या जर्मन डॉक्टरने बनवलेली ही दुर्बीण. अंगाला शिवत नाही, बाहेरूनच मोठं करून दाखवते. ॲसिडचा बोळा लावला. मी घड्याळ धरलं. पूर्ण एक मिनिट. गुलाबी भाग हळूहळू पांढरा पडत जातो आणि खरी खोट असेल तिथे दाट, ठळक कडेचा पट्टा उभा राहतो. हिचा बारा ते चार, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या जागांनी. मग आयोडीन. चांगल्या पेशी आयोडीन पिऊन गडद तपकिरी होतात, बिघडलेल्या मोहरीसारख्या पिवळ्या राहतात. आता कुठून कुठवर कापायचं ते कुणालाही दिसावं.

‘‘ताई, जोरात खोका.’’

ती खोकली आणि त्याच क्षणी भुलीची सुई गेली. खोकताना टोचलेलं कमी जाणवतं. ‘‘आता छातीत धडधडेल, पाय थरथरतील. औषधामुळे होतं, दोन-चार मिनिटांत जाईल,’’ मी सांगितलं. हे आधी सांगितलं नाही तर बाईला वाटतं आपण आता जातो.

यंत्राचा आवाज. मॅडमनी लूप एका बाजूला टेकवली आणि सलग, न थांबता, दुसऱ्या बाजूला काढली. काही सेकंद. मध्ये थांबलं तर कड जळते आणि मग पॅथॉलॉजिस्टला ती वाचता येत नाही. धूर नळीतून गेला, तरी वास राहतोच. लूप ही खरी ऐंशीच्या दशकातली. पॅरिसच्या कार्तिए यांची छोटी होती, ब्रिस्टलच्या वॉल्टर प्रेंडिव्हिल यांनी मोठी केली, म्हणजे खोट एका तुकड्यात निघावी. त्याआधी अशा बायकांना भूल देऊन कोन कापायचे, दाखल करून घ्यायचे.

तुकडा ट्रेमध्ये आला. खरोखर अर्धी सुपारी. बाराच्या जागी मॅडमनी दोरा घातला, म्हणजे तिकडे लॅबमध्ये वरची बाजू कुठली ते कळेल. फॉर्मालिनमध्ये टाकला. बाटलीवर नाव, वय, तारीख, ‘बारा वाजता दोरा’. लेबल झाकणावर नाही, बाटलीवर. झाकणं बदलतात.

गोल इलेक्ट्रोडने रक्ताच्या जागा शेकल्या, मॉन्सेलची पेस्ट लावली.

‘‘झालं.’’

‘‘झालं?’’ तिने मान उचलून विचारलं. ‘‘मी अजून देवाचं नाव घेत होते.’’

सकाळी ११.३०

वरच्या खाटेवर तासभर. चहा-बिस्किट. सूचना मी तिला एकटीला सांगते, मग घरच्यांना पुन्हा. चार-सहा आठवडे नवऱ्याजवळ जायचं नाही. हंडे, सिलिंडर उचलायचे नाहीत. विहिरीत, नदीत उतरायचं नाही. दोन-तीन दिवस कॉफीच्या चुऱ्यासारखं काळपट जाईल, ती पेस्ट, घाबरायचं नाही. पुढे पाणी जाईल, लालसर जाईल. पण पॅड तासाभरात पूर्ण भिजायला लागलं, ताप आला, घाण वास आला, तर रात्रीचे दोन वाजले तरी फोन करायचा.

नवऱ्याजवळ जायचं नाही ही सूचना पाळली जाईल की नाही ते बाईच्या हातात नसतं. म्हणून ती मी सासूच्या कानावर घालते. घरात हुकूम चालतो तिचा. सासूबाईंनी लगेच ठरवलं, ‘‘माझ्यापाशी झोपेल.’’ पिशवी काढा म्हणणारी हीच बाई.

दुपारी १२.१५

आशाताई आली. बरोबर तिशी ओलांडलेली एक कातकरी बाई, कडेवर पोर. उपकेंद्रातल्या तपासणीत ॲसिड लावल्यावर पांढरं उठलं होतं. सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या बायकांची ही तपासणी पाच वर्षांतून एकदा व्हायची असते. कागदावर. प्रत्यक्षात भात कापणीत बाई येत नाही, आणि दिवाळी झाली की वाडीच रिकामी होते. वीटभट्टीच्या शेठची उचल घेतलेली असते, बिऱ्हाड उचलायचं आणि जायचं, थेट पावसाच्या तोंडाला परत. मध्ये फक्त शिमग्याला येतात.

ही परवा निघणार होती. भिवंडीकडे.

बायोप्सी घ्या, रिपोर्टला आठ दिवस, मग बोलवा, मग उपचार: ही रीत शहरात ठीक. इथे रिपोर्ट येईल तेव्हा बाई चिखल कालवत असेल. इथे एकाच फेरीत बघून तिथल्या तिथे उपचार केलेला बरा. आयुष्यात एकदाच तपासून काय साधतं, हे महाराष्ट्रातच पाहिलं गेलं. बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि टाटा मेमोरियल यांनी १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवात, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांना घेऊन मोठा अभ्यास सुरू केला. गावांचे ५२ गट. काहींना हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी, काहींना पॅप, काहींना ॲसिडची. आणि चौथ्या भागाला नुसती माहिती. ज्यांच्यात खोट दिसली त्यांना जमेल तसं गोठवून किंवा लूपने उपचार. २००९ मध्ये निकाल छापून आला: आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात ३४ मृत्यू, काहीच न झालेल्या गटात ६४. ॲसिडची तपासणी एकदाच केली तर मृत्यू कमी झाल्याचं तिथे सिद्ध झालं नाही. ते मुंबईच्या वस्त्यांत झालं, टाटाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या चमूने दर दोन वर्षांनी ती केली, दहावी झालेल्या मुलींना शिकवून, आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

ज्यांना तपासलंच नाही त्या चौथ्या गटाचं काय, असा सवाल नंतर परदेशातल्या डॉक्टरांनी उघडपणे केला. मला तो रास्त वाटतो. त्या ६४ जणींना माहिती दिली होती म्हणे. माहितीने पेशी जळत नाहीत.

दुपारी १.३०

डबा. भाकरी, वालाचं बिरडं. पोराला मी अर्धी भाकरी दिली, त्याने बिरडं आधी संपवलं. लीपवाली सासूबरोबर दोनच्या गाडीने गेली. मंगळसूत्र परत गळ्यात.

दुपारी २.१५

कातकरी बाई टेबलावर चढेना. उपकेंद्र सोडलं तर दवाखान्यात याआधी ती एकदाच गेली होती, पहिल्या बाळंतपणाला, आणि तेव्हा कुणीतरी मांडीवर चापट मारून ओरडलं होतं. ते ती विसरलेली नाही. आशाताईने तिचा हात धरला. मी स्पेक्युलम तिच्याच हातात दिला, उघड-मीट करून बघ म्हटलं. तिने केली. ‘‘थंडगार हाय,’’ म्हणाली. मी कोमट पाण्यात बुडवून आणला.

ॲसिड, एक मिनिट. वरच्या ओठावर पांढरा पट्टा, लहान, कड पूर्ण दिसत होती, आत नळीत शिरलेला नव्हता. कॅन्सरचा संशय यावा असं काही नाही. म्हणजे कापायची गरज नाही, शेकलं तरी चालेल. पट्टा आत गेला असता तर मात्र लीपच करावी लागली असती, भट्टी असो वा नसो. मॅडम या बाबतीत कुणाचं ऐकत नाहीत.

शेकायचं, म्हणजे थर्मल अब्लेशनचं, यंत्र हातात मावतं, बॅटरीवर चालतं. पूर्वी गोठवायचं यंत्र असायचं, त्याला गॅसचा भला थोरला सिलिंडर. तो कर्जतपर्यंत भरून आणण्यातच जीव जायचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या शेकण्याच्या पद्धतीची नियमावली काढली आणि खेडोपाडी काम सोपं झालं. टोक १०० अंशांपर्यंत तापतं. अर्धं मिनिट धरायचं, जागा उरली तर पुन्हा. भुलीची सुई सहसा लागत नाही, कारण पिशवीच्या तोंडाला चटका फारसा कळत नाही. पाळीत येते तशी कळ येते. तिला आली. तिने आशाताईचं मनगट दाबून धरलं.

या पद्धतीत एक उणं आहे: तुकडा हाती लागत नाही, त्यामुळे तपासायला काही उरत नाही. म्हणून शेकण्याआधी मॅडमनी चिमटीभर बायोप्सी घेऊन ठेवली. रिपोर्ट आशाताईकडे जाईल.

‘‘विटा वाहू नको महिनाभर,’’ मॅडम म्हणाल्या.

ती हसली. ‘‘मग शेठ खायाला घालल?’’

आशाताईने तोड काढली. भट्टीवर थापायचं कामही असतं, बसून. नवरा वाहील, ही थापेल. पण जोडीने उचल घेतलेली, कोण काय करणार ते मुकादम ठरवतो. त्याच्याशी बोलायला हवं.

दुपारी ४.००

ओपीडी. पांढरं जातंय म्हणून आलेल्या दोघी, साधा जंतुसंसर्ग. एकीचा सीआयएन वनचा, म्हणजे सौम्य खोटीचा, रिपोर्ट. तिला काहीच करायचं नाही, वर्षाने यायचं, बहुतेकींचा आपोआप जातो. हे पटवायला लीपपेक्षा जास्त वेळ गेला. एका नव्या लग्नाच्या मुलीचा रिपोर्ट सीआयएन टू. तिला मूल हवंय, आणि तोंडाचा तुकडा खोल कापला तर पुढे बाळ लवकर होण्याची शक्यता थोडी वाढते, म्हणून मॅडमनी सहा महिने थांबून पुन्हा दुर्बीण लावायचं ठरवलं. एका आईने अकरा वर्षांच्या लेकीसाठी एचपीव्हीच्या लसीचं विचारलं. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून मिळते, परदेशी लशींपेक्षा स्वस्त. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी सुटत नाही, हे ती लिहून घेऊन गेली.

संध्याकाळी ५.३०

हत्यारं अर्धा टक्का क्लोरीनच्या पाण्यात दहा मिनिटं, मग घासून धुणं, मग उद्याच्या ऑटोक्लेव्हला. लॅबचा मुलगा दोन्ही बाटल्या घेऊन गेला. वहीवर त्याची सही घेतल्याशिवाय मी त्याला दारातून सोडत नाही. खोपोलीला फोन केला. सासूबाईंनीच उचलला: दोन पॅड झाले, काळपट आहे, जेवली, झोपलीय.

मग आशाताईने पाठवलेला मुकादमाचा नंबर. पहिल्यांदा कट केला. दुसऱ्यांदा उचलला.

‘‘सिस्टर, बायांची पोटं दुखतातच. सगळ्यांना बसवून ठेवलं तर भट्टी लागंल कशी?’’

‘‘बसवू नका. थापायला लावा. नुसतं वाहायला लावू नका महिनाभर.’’

‘‘आठ दिवस.’’

‘‘रक्त सुरू झालं तर तुम्हीच तिला घेऊन दवाखाना शोधत फिराल, भिवंडीत.’’

तिकडे ट्रकचा आवाज. कुणाशी तरी तो बोलला.

‘‘तीन आठवडे. वर एक दिवस नाय.’’

तीन आठवड्यांवर तुटलं. वहीत भट्टीचं गाव लिहिलं, मुकादमाचा नंबर लिहिला. पुढच्या तपासणीच्या रकान्यात तारखेऐवजी ‘शिमगा, होळीच्या दुसऱ्या दिवशी, आशाताई’ असं लिहिलं, कारण कॅलेंडरची तारीख त्या बाईला सांगून उपयोग नाही. वर्षाची तपासणी वेगळी, ती पुढच्या दिवाळीआधी. मॅडमनी वही बघून सही केली आणि उद्याच्या यादीत कशेळेहून आणखी दोन नावं घातली. त्यांची बिऱ्हाडं शनिवारी निघायची आहेत.